हिराबाईचे बुधवार

बुध. ८ ऑक्टो.

उपकेंद्रातल्या मॅडमनं वही देली. दोनशे पानी. म्हणे ताई, रोज काय खाल्लं ते लिहायचं. मी म्हटलं मी चौथी शिकली, तेबी पुरी नाही. म्हणे जसं येते तसं लिहा. म्हणून लिहून राह्यली.

वजन ८८. मागच्या हप्त्यात रक्त नेलं होतं, त्याचा कागद आला. सूज ९. मी म्हटलं सूज गुडघ्याले आहे, बोटायले आहे, ते मले दिसते. रक्तातली कुठून काढली? मॅडम म्हणे अंगावरची जास्तीची चरबी नुसती बसून राहत नाही ताई, आतल्या आत धुमसत राहते. मी म्हटलं गवरीसारखी. वरून राख, आत इस्तो. मॅडम हो म्हणाली पण तिनं गवरी पेटवली नसन कधी.

तीन महिने मटन, अंडे, मासोळी बंद. झाडाचं, वेलाचं, जमिनीतलं खायचं. मले राग आला. मी ऐकवलं का आमच्या बापानं जे खाल्लं ते मी खाईन, माह्या ताटात कोणी हात घालायचा नाही. मॅडम म्हणे ताई, दूध दही तूपबी बंद आहे, सगळ्यांचंच. बाजूले हिराबाई बसली होती, वजन ८५, सूज ८. जन्मात अंड्याले हात नाही लावला तिनं, तिले वाटलं आपलं काही जाणार नाही. तूप ऐकल्यावर तिचं तोंड उतरलं. ते पाहून मले बरं वाटलं. मंग मी हो म्हटलं.

साखर, तळलेलं, मैदा नाही. साबुदाणाबी नाही. झाडाचा आहे म्हणून काही सगळं चालत नाही म्हणे.

आमी सहा बाया. मॅडमनं जोड्या लावल्या. ती नाशिककडची, इथं येऊन चार महिने झाले. नकाशात ज्यायचे घरं जवळ त्यायची जोडी. माही जोडी हिराबाईसंग. नकाशात जवळच दिसतीन. मधात नाला आहे, तो कागदावर कोणी काढला नाही. नाल्याच्या इकडं विहार आन् आमी. तिकडं हिराबाईची गल्ली. तीस वर्सं मी तिच्या वावरात निंदन केलं. ती माह्या घरी एकडाव जेवली नाही.

दर बुधवारी दोघीनं संग जेवायचं. एक बुधवार हिच्या घरी, एक बुधवार तिच्या घरी. एकमेकीचं ताट पाहायचं आन् वहीत लिहायचं.

हिराबाईनं माह्याकडं पाह्यलं, मी तिच्याकडं. मॅडमले हे कोण सांगन. लेकरू आहे.

गुरु. ९

भा. २ (भा. म्हणजे भाकर, रोज कोण पुरं लिहीन). मुंगाची डाळ. अंबाडी. चा बिनदुधाचा, मोरीतल्या पाण्यासारखा लागला. गु. (गुडघे) दुखले, दोन्ही. बोटं सकाळी वळत नाहीत. भाकर थापता येत नाही, लाटून केली. लाटलेली भाकर भाकर नाही लागत.

यायनं, माह्या मालकानं, ताट पाह्यलं. म्हणे मीबी जोडीदारच आहे ना तुहा, मले कायले शिक्षा. मी म्हटलं अनसिंगच्या स्टँडवर जीप लावता तिथं काय खाता ते मी विचारत नाही, तुमी माह्या ताटाचं विचारू नका. जेवले. दुसऱ्यांदा डाळ घेतली.

रवि. १२

सकाळी हि.बा. संग चालायले गेली. मॅडमनं सांगितलं म्हणून. विहारापासून पुलावर, पुलावरून शाळेपर्यंत. ती शाळेजवळ बसली. म्हणे कमल, जमत नाही वं. मी म्हटलं हिराबाई, वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, उभं राहून आमाले घाई करत होत्या तेव्हा जमत होतं. हासली. हासल्यावर तिचं पोट हालते, मंग माहंबी हालते. दोघी शाळेच्या पायरीवर बसून हालत राह्यलो.

उठताना तिनं माहा हात धरला. हात धराले काही नाही तिले.

बुध. १५

हिराबाईच्या घरी पहिलं जेवण. ओसरीत बसवलं. ज्वारीची भा., पालकाचं पातळ आलन, गाजर. चांगलं होतं, मीठ कमी. तिचं ताट स्टीलचं. मले पत्रावळ, लग्नातली उरलेली. म्हणे घासायचा त्रास नको.

त्रास कोणाले नको ते मले समजते. जेवली. वहीत लिहिलं: हि.बा. भा. दीड, आलन, तूप नाही.

घरी येऊन यायले सांगितलं. ते म्हणे तुले काय वाटलं होतं, चांदीचं ताट? मी म्हटलं मले काही नाही वाटलं. मंग दुपारभर भांडे घासत बसली, घासलेलेच.

मंगळ. २१

दिवाळी. तिकडं सगळ्या गल्लीत तळण्याचा वास. आमच्या घरीबी लेकीनं अकोल्याहून चकल्या पाठवल्या. एक खाल्ली. लिहून ठेवते, खोटं लिहायचं नाही. एक नाही, दोन.

उद्याचा बुधवार सुटी.

बुध. २९

आज माह्या घरी हि.बा. चं जेवण. सकाळी चारले उठली. घर सारवल्यासारखं पुसलं. नवीन ताटं काढले, दोन्ही एकसारखे. जवसाची चटणी कुटली, लाल मिरची, लसूण. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून. भाकर लाटून.

आली. बसली. घर पाह्यलं. बाबासाहेबांच्या फोटोले हात जोडले. चा देला बिनदुधाचा, तो पेली. मंग म्हणे, कमल, मले आज उपास आहे वं. विसरली सांगायचं.

मी म्हटलं राहू द्या मंग. ताट वाढलं होतं ते झाकून ठेवलं. ती बसली अर्धा घंटा, बोलली, तिच्या पोराचं, पुण्याचं. गेली.

होते उपास माणसाले. सं. (संध्याकाळी) ते ताट यायनं खाल्लं.

रवि. २ नोव्हें.

वजन ८६. बोटं थोडे हलके. बिनदुधाच्या चा ची सवय झाली. गु. उजवा ठीक, डावा नाही.

सुकटीचं स्वप्न पडलं. लिहून ठेवते.

बुध. ५

हि.बा. कडं. आज ओसरी नाही, आतल्या खोलीत बसवलं. स्टीलचं ताट देलं. चवळीची उसळ, भा., मुळा. जेवण झाल्यावर मी ताट घासायले उचललं तर म्हणे ठेव वं, घासतीन. कोण घासन ते सांगितलं नाही. पण ठेवलं.

मले चांगलं वाटलं. हे लिहायचं का नाही, खाण्याची वही आहे. लिहिलं.

बुध. १२

माह्या घरी. हि.बा. ले उपास.

मसुरीची डाळ, भा., मेथी. चा पेली.

यायले सं. सांगितलं. म्हणे तुह्या जोडीदारीनले पुण्य कमवायची लय घाई झाली. मी उठून भिंतीवरचं कॅलेंडर पाह्यलं. कोणता उपास होता ते शोधलं. भैरोबाचं काही होतं लिहिलेलं. भैरोबाचा उपास या गावात कोणी धरल्याचं मी ऐकलं नाही. असन.

मंगळ. १८

आज भाकर थापली.

सकाळी पिठात हात घातला, बोटं वळले. म्हटलं पाहू. काटवटीत गोळा ठेवला, थापली. फिरली. डाव्या हाताचा अंगठा दुखला पण फिरली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, इस्त्यावर फुगली. मी एकटीच होती घरात. खूप वेळ पाहत बसली फुगलेल्या भाकरीकडं, मंग थंडी झाली.

वावरात सगळ्या बायायचं एकच म्हणणं राहे, भाकर खावी तर कमलची. जेवायच्या सुटीत माह्या फडक्यातली भाकर वाटल्या जाये. हिराबाई घरून ठेचा आणे. वरून टाके आमच्या भाकरीवर, हात लागू नाही म्हणून चमचा उंच धरे. पाणीबी उंचावरून. ठेचा तिचा चांगला राहे. माह्या भाकरीवर तिचा ठेचा तीस वर्सं पडला. तिनं भाकर नाही चाखली.

मॅडमले फोन करून सांगितलं का बोटं वळून राह्यले. ती म्हणे छान ताई, लिहा. हे लिहिलं.

बुध. २६

आज संविधान दिन, विहारात सगळ्यायनं मिळून उद्देशिका म्हटली. मंग घरी येऊन वांगे भाजले. चंपाषष्ठी आहे, कॅलेंडरात पाहून ठेवली होती. तिकडच्या लोकायत या दिवशी भरीत-भाकर खातात, उपास सुटते त्यायचा. म्हटलं आजचं तर जमन. भरीत केलं हिरवी मिरची, कांद्याची पात, तेल एक चमचा. थापलेल्या भाकरी. पापुद्रा सुटला होता.

हिराबाई आली. भरताचा वास आला तिले, नाक हाललं, मी पाह्यलं. म्हणे उपास.

मी म्हटलं हिराबाई, आज तर सुटते ना. म्हणे आमच्या घराण्यात संध्याकाळी सुटते.

तिचे उपास माह्याच घरी येऊन धरल्या जातात. मले हासू आलं आन् नंतर राग आला आन् राग राह्यला.

बुध. ३ डिसें.

हि.बा. कडं. आता सयपाकघरातच बसवते, चुलीजवळ. मीच म्हटलं, ओट्यावर बसू द्या, मले खाली बसून उठता येत नाही. तर तिनं खुर्ची आणली आतून, तिच्या मालकाची. त्यायनं पाह्यलं, टीव्हीचा आवाज वाढवला.

हरभऱ्याची पालेभाजी तिनं अशी केली का मी तीन डाव वाढून घेतली. तिले म्हटलं बी. तिले बरं वाटलं. मले खाऊ घालताना तिचा चेहरा खुलते. देणं जमते तिले. घेणं नाही जमत.

वजन ८४. हि.बा. ८५ च. तिनं मॅडमले सांगितलं, हाडं जड आहेत.

बुध. १०

माह्या घरी. उपास. बुधवारचाच धरला म्हणे, बुध ग्रहाचा.

तोंडात किती आलं होतं ते माहं मलेच माहीत.

मंगळ. १६

सकाळी चालायले. आता शाळेच्या पुढं जातो दोघी, टाकीपर्यंत. थंडी आहे. तिनं शाल आणली होती, अर्धी माह्यावर टाकली. दोघी एका शालीत चाललो, जाड्या दोन बाया, शाल पुरत नव्हती. कोणाचं तरी ट्रॅक्टर गेलं, तुरीच्या वावराकडं, पोट्टे हासले. हि.बा. म्हणे हासू दे, त्यायच्या मायाबी अशाच होतीन.

टाकीजवळ बसून म्हणे, कमल, तू आहे म्हणून मी घराबाहेर निघते. नाहीतर पोरगा पुण्याले गेल्यापासून मी बाजेवरच राह्यली असती.

मी म्हटलं उठा, उशीर झाला.

बुध. २४

आज भांडली.

ओल्या तुरीच्या दाण्याची आमटी केली होती. दाणे कालच सोलून ठेवले, बोटं आता सोलू देतात. भाकर तव्यावरून काढली, वाफ निघत होती. ताट समोर ठेवलं. ती म्हणे आज उपास आहे वं.

मी म्हटलं कशाचा?

तिनं पदर सारखा केला.

मी म्हटलं नाव सांगा उपासाचं. कॅलेंडर तिथं आहे. दाखवा कुठं लिहिलं.

तिनं ताटाकडं पाह्यलं. म्हणे, मले कोणी अडवत नाही कमल. सासू गेली. पोरगा काही मानत नाही. हे तर बोलतच नाहीत. मीच अडते. मनात म्हणते आज खायचं, आज खायचं, नाला ओलांडून येते. ताट पाह्यलं का हात वर येत नाही. तुह्यात काही नाही वं.

मी म्हटलं माह्यात काही नाही ते मले माहीत आहे. पन्नास वर्सापासून माहीत आहे. तू आपलं पाह्य. उठ आन् जाय.

तीस वर्सात तिले तू नव्हती म्हटली. आज तोंडातून निघालं.

उठायले लागली तर डावा गुडघा अडकला तिचा. खुर्ची नव्हती, खाली पाटावर बसली होती. दोनदा उठायले गेली, बसली. मंग मीच काखेत हात घालून उठवलं. भांडण चालू आणि मी तिले उचलून राह्यली. दारापर्यंत धरून नेलं आन् मंग दार लावलं.

आमटी यायनंबी नाही खाल्ली. म्हणे तू जेवत नाही तर मी काय जेवू. दोघं बसलो.

शुक्र. २६

भा. १. वरण.

चालायले नाही गेली.

बुध. ३१

बुधवार. तिच्याकडं जायचा बुधवार होता. नाही गेली. मॅडमनं विचारलं तर सांगीन गु. दुखत होता. दुखत नाही. चांगला आहे.

टाकीपर्यंत एकटी गेली. एकटीनं लवकर होते. बरं नाही लागत.

सोम. ५ जाने.

सहाही जणींचं रक्त घेतलं. वाशिमले पाठवतीन. हि.बा. बाकावर होती, माह्याकडं पाहत होती. मी सुईकडं पाह्यलं. मले सुईची भीती वाटते, एरवी मी कधी पाहत नाही.

वजन ८२.

शुक्र. ९

कागद आले. मॅडमनं सगळ्यांना बोलावलं.

माही सूज ९ ची ५. मॅडम टाळ्या वाजवायले लागली, बायायनंबी वाजवल्या. मॅडम म्हणे पाहा, गोळी नाही, औषध नाही, ताटातून झालं. सगळ्यांचं इतकं होईलच असं नाही, पण ताईंचं झालं. मले लाज वाटली. चांगलं बी वाटलं.

मंग हिराबाईचा कागद. ८ ची १०.

मॅडमनं तिची वही मागितली. पानं चाळले. हि.बा. खाली पाहत होती. मॅडम म्हणे यात तर सगळं बरोबर लिहिलंय मावशी. तूप नाही, दही नाही. मग वाढलं कसं? पुन्हा चाळलं. मंग माह्याकडं वळली. म्हणे कमलताई, एक आड एक बुधवारी या तुमच्याकडे जेवल्या, पोटभर जेवल्या असं लिहिलंय. तुमच्याकडे तेल जास्त पडतं का? भाजीत काय घालता?

सगळ्या बाया माह्याकडं पाहायले लागल्या.

जेवली. लिहिलं तिनं का जेवली. माह्या घरी.

हिराबाईनं मान वर केली. तिचे डोळे भरले होते, ओठ हालून राह्यले होते. ती बोलणार होती. मले दिसलं का आता ती सगळ्यायसमोर सांगन, आन् सांगितल्यावर या गावात तिले तोंड दाखवायले जागा राहणार नाही, आन् मलेबी नाही. मी बोलून गेली. म्हटलं मॅडम, माहा हात तेलाले सैल आहे. जवसाच्या चटणीत जास्त पडते.

मॅडम म्हणे बरं, काळजी घ्या.

माह्या चुलीवर मी खोटं घेतलं. ज्या भाकरीत मिठाशिवाय काही नाही, तिच्यावर. कोणासाठी, तर जिनं ती खाल्ली नाही तिच्यासाठी. मी कोणाचं ऐकून न घेणारी बाई. कायले केलं ते अजून समजलं नाही. यायले सांगितलं तर ते म्हणे, तुले समजलं नाही तर मले कुठून समजन, आन् पाठीवर हात ठेवून गेले जीप धुवायले.

रवि. ११

हिराबाई आली. दुपारी. बुधवार नाही तरी आली. हातात तिची वही.

दारातच उभी राह्यली. मी म्हटलं या. म्हणे तू म्हण, त्या दिवशी म्हटली तसं. मी म्हटलं ये मंग, उभी राहून गु. आणखी सुजन.

बसली. वही उघडली आन् वाचून दाखवली. पाच बुधवार. माह्या घरी पाच जेवणं लिहिली तिनं. मी ऐकत होती. एका पानावर होतं: कमलची भाकर पातळ, पापुद्रा सुटलेला, भरताले भाजल्याचा वास. एका पानावर: तुरीच्या दाण्याची आमटी, दोन वाट्या, अशी आमटी मी कधी खाल्ली नाही.

न खाता चव लिहिली. वासावरून.

म्हणे, इथून उपाशी जात होती आन् घरी जाऊन साबुदाणा खात होती, तूप घालून. मॅडमले कसं सांगू म्हणून तुह्या घरची भाकर लिहिली. एकडाव खोटं लिहिलं मंग दह्याचंबी नाही लिहिलं, गुळाच्या चहाचंबी नाही. रोजच खोटं होत गेलं. आन् नाव तुह्या चुलीचं झालं.

मी म्हटलं मॅडमले सांग.

म्हणे सांगन. पण वही अशी घेऊन कशी जाऊ? पाच जेवणं आहेत हिच्यात, खाल्लं एकबी नाही.

मी म्हटलं मंग बुधवारी ये. उपाशी ये.

मी पाणी देलं. तांब्या तिच्या हातात देला, वरून नाही टाकलं. पेली.

मंगळ. १३

भोगी. तिकडं तिळाच्या भाकरी, सगळ्या भाज्या एकात. आमच्यात नाही करत पण मीबी केली, भाजी तर भाजी आहे. हरभरा, गाजर, वांगं, वालाच्या शेंगा, तीळ कुटून. मॅडमच्या यादीतलं सगळंच आहे याच्यात. यायनं दोन भा. खाल्ल्या, सुकटीचं नावबी नाही काढलं.

उद्यासाठी तुरीच्या शेंगा सोलल्या. ताटं घासून ठेवले.

संक्रांत उद्या आहे का परवा ते पाहायले कॅलेंडर पाह्यलं. उद्याच आहे, बुधवारी. चौकोनात खाली बारीक अक्षरात आणखी लिहिलं होतं. चष्मा लावून वाचलं.

एकादशी.

दोनदा वाचलं. तीन महिन्यात तिनं पाच खोटे उपास धरले. आन् हा खरा. एकादशी ती लग्न होऊन आली तेव्हापासून धरते, मी निंदाले जात होती तेव्हापासून पाहून राह्यली. एकादशीले ती धुऱ्यावर केळं खात बसे.

तिले माहीत असन. रविवारी बोलली तेव्हा माहीत होतं का?

निरोप धाडावा का, पुढच्या बुधवारी ये म्हणून. यायले विचारलं. ते म्हणे तुह्या मनात काय आहे? मी म्हटलं माह्या मनात भाकर आहे. म्हणे मंग भाकर कर.

निरोप नाही धाडला.

बुध. १४

स. ११. आमटी झाली. चटणी कुटली, तेल एक चमचा, मोजून. पीठ मळून ठेवलं, भाकर ती आल्यावर थापीन. थंडी भाकर तिले द्यायची नाही. ताटं दोन, एकसारखे. खालीच पाट मांडला होता, उचलला, शेजारून खुर्च्या आणल्या दोन. तिले उठता आलं पायजे. मलेबी.

वजन सकाळी केलं, ८१ आन् थोडं. गु. दोन्ही ठीक. बोटं ठीक.

ती नाही आली तर मी रागावणार नाही असं ठरवलं होतं. आता वाटते रागावीन.

खिडकीतून पूल दिसते. हिरवं लुगडं दिसलं. तीच आहे, डावा पाय अगोदर टाकते. मधात थांबली, कठड्याले धरलं. पुन्हा निघाली. छातीशी काहीतरी धरलं आहे तिनं दोन्ही हातानं. उपासाचा डबा आहे का वही आहे, इतक्या दुरून समजत नाही.

तवा तापला. उठते.